वरचं अर्धं दार

या घराचं दार मधोमध आडवं कापलेलं आहे.
वरचा अर्धा उघडला की ऊन येतं, टपालवाला येतो.
खालचा अर्धा मिटलेला.
पूर्वी कोंबड्या आत शिरायच्या, कॉर्नीलियाबाई सांगतात.
आता गावात कोंबडी नाही,
तरी जाता जाता त्या पायानं तो लोटून घेतात.

गावाचं नाव किंडरहुक, हडसन नदीपासून जरा आत.
डचांनी ठेवलेलं: पोरांचा कोपरा.
दुपारी दोनला रस्त्यावर एक पोर दिसेल तर शपथ.
मेपलचं पान पडलं तरी मी मान वर करते.

भाडेकरार अकरा पानी.
भिंतीत खिळा ठोकायचा नाही.
दाराचा हिरवा रंग बदलायचा नाही,
तो गावच्या समितीनं ठरवलाय.
फोडणीबद्दल काही नाही,
मी दोनदा वाचून पाहिलं.

खाली सही केली, आणि पूर्ण नाव.
डोंगरदिवे.
त्यांनी ते गरम बटाट्यासारखं तोंडात फिरवलं
आणि विचारलं, अर्थ काय?
डोंगरावरचे दिवे, म्हटलं.
किती छान, म्हणाल्या. किल्ली दिली.
बस्स.
एवढीशी किल्ली,
कुठल्या खिशात ठेवावी मला सुचेना.

रात्री आईचा फोन.
सगळं नाव सांगितलंस?
सगळं.
मग?
मग अर्थ विचारला.
आई गप्प. मागे कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.
मग म्हणाली, भाडं किती?

अकोल्यात बाबांना नोकरी लागली तेव्हा
त्यांनी नऊ घरं पाहिली होती.
खोली असायची, पाणी असायचं,
पूर्ण नाव काय म्हणालात, असं कुणी विचारेपर्यंत.
मग ती कालच गेलेली असायची.
दहाव्या घरी त्यांनी नुसतं 'मास्तर' सांगितलं.
तीन महिने नीट गेले.
चौथ्यात टपालवाल्यानं अंगणात उभं राहून
पाकिटावरचं आडनाव
खणखणीत वाचलं.

पहिल्या रविवारी कॉर्नीलियाबाईंनी तळघर दाखवलं.
वॉशिंग मशीन. फ्यूजची पेटी.
मशीनमागे एक चूल, आत माणूस उभा राहील एवढी,
काजळी अजून बोटाला लागते.
इथं कोण रांधायचं?
घरातली माणसं, त्या म्हणाल्या.
मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
म्हणजे, घराच्या मालकीची.

त्यांच्या खापरपणजोबांचं मृत्युपत्र आहे त्यांच्याकडे, झेरॉक्स.
चांदीचे चमचे सहा.
घड्याळ एक, बंद.
बेट, तिच्या पोरासकट.
चमच्यांपुढे किंमत लिहिली आहे.
बेटपुढेही.
आडनाव कुणी विचारलेलं दिसत नाही.

दर शनिवारी मी धुणं घेऊन खाली उतरते.
कॉर्नीलियाबाई उंच, त्यांना वाकावं लागतं.
मला नाही लागत.
तुळईखाली मी बरोबर मावते,
आणि ते मला आवडत नाही.

काल टपालवाला आला. तरुण आहे, कानात बाळी.
वरच्या अर्ध्या दारातून पाकीट पुढे केलं,
आईनं पाठवलेली जवसाची चटणी, तेल कागदाला फुटलेलं.
डोंगा... डोंगर... त्यानं वाचायला घेतलं,
अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.
माझे खांदे आपोआप वर आले.
समोरची म्हातारी पानं झाडत होती, झाडत राहिली.
दिवे, मी म्हटलं. पुढे दिवे.
मग खालची कडी काढली,
पाकीट घ्यायला तेवढ्याची गरज नव्हती.

बाबांचा फोटो अजून साडीच्या घडीत आहे.
खिळ्याची परवानगी नाही.
एक खिळा मात्र आधीपासून आहे,
तळघरात, चुलीच्या डाव्या हाताला,
चौकोनी, हातानं घडवलेला, पोराच्या उंचीवर.
कुणी ठोकला, काय टांगायला,
कॉर्नीलियाबाईंना ठाऊक नाही. करारात तो नाही.
धुणं होईस्तोवर मी त्याच्यासमोर बसते, उलट्या बादलीवर.
त्याला काही टांगत नाही.